रिकामी ओंजळ

फार पूर्वी एका घुबडाच्या डोळ्यात, प्रकाश टिपणाऱ्या इवल्याशा पेशीत, दोन प्रथिनं कामाला होती. एक लोहार, दुसरा त्याचा मुकादम.

लोहार किल्ल्या घडवायचा. त्या किल्ल्यांनी पेशीची दारं उघडत आणि कॅल्शियमचे कण आत येत. मुकादम ओंजळ धरून उभा असे. ओंजळीत कण बसले की तो म्हणे, "बास!" उजेड पडला की दारं मिटत, कण ओसरत, ओंजळ रिती होई. मग तो म्हणे, "घडव!" एवढ्यावर घुबडाची नजर शाबूत होती.

एकदा मुकादमाची बोटं वाकडी झाली. कण ओंजळीत ठरेनात, गळून पडू लागले.

"घडव," मुकादम म्हणाला. लोहार घडवत गेला, दारं उघडत गेली. कण कमरेपर्यंत चढले.

"अहो मुकादम, खाली बघा की!"

"खाली कशाला बघू? मी जन्मभर ओंजळ बघूनच हुकूम दिलाय. घडव!"

हुकमाशिवाय थांबायचं लोहाराला माहीतच नव्हतं. कण हनुवटीला लागले तरी मुकादम वाकडी बोटं उंच धरून सांगत होता, "बघ, रिकामीच आहे!"

पेशी आतून फुटली. घुबडाच्या नजरेत एक काळा ठिपका उमटला.

शेजारच्या पेशीतल्या मुकादमाने हे सगळं पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ओंजळीवरची नजर काढली आणि आपल्या पायांकडे पाहिलं.