थंड भट्टीच्या भात्याची कहाणी

ऐक गं प्राणदेवते, तुझी कहाणी. नदीकाठी एक गाव होतं, गावात लोहारआळी होती. आळीतल्या नळावर एक बाई दुसरीला सांगत होती, "दगडू लोहारानं म्हणे गोळ्या टाकून दिल्या. डोळे मिटून भट्टीपुढं बसतो, आणि बायको हौसा तर..." तेवढ्यात हंडा भरला, बाई गेली. मी मागंच उभी. दगडूची शेजारीण, मला अर्धं कसं पचेल?

दगडूला हृदयाचा झटका आला होता. मोठ्या दवाखान्यात जीव वाचला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वसा दिला. गोळ्या चुकवू नका, थोडं थोडं चाला, रोज शांत बसून सावकाश श्वास घ्या. दगडू घरी आला. मग समाचाराला माणसं आली. एक आला, म्हणाला, "आमचा मेव्हणा असाच गेला." दुसरा आला, म्हणाला, "आता घण विसरा." तिसरा आला, चहा प्याला, म्हणाला, "पोरीचं लग्न उरकून टाका." मग दगडूनं छातीवर हात ठेवला, तो काढीना. उंबरा ओलांडीना. श्वास घ्यायला बसे, तर अधिकच धाप लागे. वसा तसाच राहिला.

मग हौसानं काय केलं? थंड भट्टीपुढं घोंगडी घातली, नवऱ्याला बसवलं, भात्याची दोरी स्वतः धरली. "धनी, जाळ नाही, लोखंड नाही. मी भाता ओढते, तुम्ही डोळे मिटून त्याच्यासंगं नुसता श्वास घ्या." भाता फुगला, दगडूनं श्वास घेतला. भाता बसला, दगडूनं श्वास सोडला. आज केलं, उद्या केलं, परवा केलं. मग छातीवरचा हात खाली आला. समाचाराला येई त्यालाही हौसा बसवी. आधी भाता, मग बोलणं. भात्यापुढं बसल्यावर मेव्हणा कुणाला आठवेना.

नळावरचं ते अर्धं ऐकलं आणि मी वाटी घेऊन गेले. "हौसा, साखर दे गं जरा."

"काकू, आधी बसा. साखर कुठं पळते?"

बसले. एक डोळा मिटला, एक उघडाच ठेवला. भाता थांबला. दगडूनं पाणी मागितलं, गोळी घेतली, माझ्याकडं बघून हसला. "काकू, गिळली बरं का. नळावर सांगा." मग म्हणाला, "नाहीतर चला, मीच येतो." हौसाचा हात धरला, उंबरा ओलांडला.

दोघं नळावर आली, मी बायकांना सगळं सांगितलं. डोळे मिटतो हे खरं, गोळ्या टाकल्या हे खोटं. आणि "हौसा तर..." याच्या पुढं काय होतं, ते धरलेला हात बघून कुणी सांगेना.

जशी प्राणदेवता दगडूला पावली, तशी तुमच्या घरच्या भ्यालेल्या जिवाला पावो. घेतला वसा मध्येच सोडू नका. लांबलेली कहाणी थोडक्या बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.