मडक्यातल्या माश्या

एकदा एका पेरूच्या बागेवर मोठं संकट आलं. पिकायला आलेलं फळ कापावं, तर आत अळ्या वळवळताहेत! फळमाशीनं निम्मी बाग नासवली होती. बागेचा धनी हणमंत कष्टाळू खरा, पण डोकं भलतंच गरम. शेजारची बाग वाटणीत थोरल्या भावाकडे गेलेली, आणि मध्ये दोघांनी मिळून लावलेलं शेवरीचं दाट कुंपण.

हणमंत तावातावानं आपल्या गुरूंकडे, वृद्ध तात्यांकडे गेला.

"तात्या, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी ऊन चढलं की माश्या त्या शेवरीतून माझ्या फळांवर येतात, दिवस कलला की परत तिकडंच जातात. दादा मुद्दाम बागेकडं बघत नाही. उद्या शेवरी तोडतो, आणि दादाशी संबंधही तोडतो. पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही!"

तात्या त्याच्याबरोबर बागेत आले. हणमंतच्या झाडाखाली गळून पडलेली फळं उचलून त्यांनी एका मडक्यात मातीवर ठेवली, तोंडाला पातळ फडकं घट्ट बांधलं.

"हे ओसरीवर सावलीत ठेव. मी येईपर्यंत कुऱ्हाडीला हात लावायचा नाही."

इथं बाग हातची चाललीय आणि यांना मडकी सुचताहेत! हणमंत मनातून धुमसला. पण गुरूंचा शब्द मोडवेना.

तात्या पुन्हा आले, तेव्हा फडक्याखाली माश्या भिरभिरत होत्या.

"फडकं कुठं फाटलंय का रे?"

"नाही, तात्या."

"मग तुझ्या दादानं या आत कधी सोडल्या?"

हणमंतची मान खाली गेली.

"अरे, तू पाहिलंस ते खोटं नव्हतं," तात्या मायेनं म्हणाले. "माशी शेवरीच्या पानाआड मुक्काम करते आणि फळाकडे येते. तू तिचं येणंजाणं पाहिलंस, जन्म नाही पाहिलास. गळलेल्या फळातली अळी मातीत उतरते आणि तिथूनच माशी होऊन वर येते. ती फळं तुझ्याच झाडाखाली सडत होती. मनातल्या रागाचंही असंच असतं, बाबा. आपल्याला तो नेहमी पलीकडून येताना दिसतो."

हणमंतनं टोपली घेतली. झाडाखालचं एकेक फळ वेचून खोल खड्ड्यात पुरलं. मग तो कुंपणापाशी गेला आणि कितीतरी दिवसांनी त्यानं हाक मारली, "दादा, तुझ्याकडची गळलेली फळं वेचायला येऊ का?"

मग शेवरी बाजूला सारून दादा पुढं आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"मी हे कुंपण तोडायलाच निघालो होतो रे," तो ओशाळून म्हणाला. "मला वाटलं, माश्या तुझ्याच बाजूनं येतात."