रोपाची ओटी

विषय : पायथवाडीवरच्या बोडक्या टेकडीवर सालवृक्षांचे रान उभे राहिल्याबाबत, व त्या कामी बुरशीचा हात असल्याबाबत.

संदर्भ : १) महाराजांचा तोंडी हुकूम. २) बागदारोगांचा लेखी हुकूम. ३) हे दोन्ही हुकूम एकाच वेळी पाळणे न जमलेली एक माळीण.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, एका राज्यात एक टेकडी होती. तिच्यावर पूर्वी दाट झाडी होती. आधीच्या महाराजांनी हत्तींसाठी लाकडी महाल बांधायला काढला, तेव्हा ती सगळी तोडली गेली. महाल पुरा झाला. हत्तींना तो आवडला नाही. टेकडी मात्र बोडकी झाली ती झालीच.

टेकडीच्या पायथ्याशी पायथवाडी नावाची चाळीस घरांची वस्ती होती. दर पावसाळ्यात टेकडीची माती चिखल होऊन खाली यायची आणि कोणाला न विचारता घरात शिरायची. एका वर्षी तिने पारबताबाईच्या घराची मागची भिंत आपल्याबरोबर नेली.

पारबताबाई राजाच्या बागेत माळीण होती. तिचे माहेर पूर्वेच्या सरहद्दीवरच्या सालवनात. लग्न होऊन ती पायथवाडीत आली आणि झाडांच्या सावलीतून थेट चिखलात पडली. तिने वाडीतल्या बायकांना घेऊन महाराजांपुढे गाऱ्हाणे घातले.

दिवाणांनी सोपा उपाय सुचवला. वाडीच उचलावी आणि नदीपलीकडच्या खारट माळावर नेऊन ठेवावी. त्या माळावर गवतसुद्धा नाइलाजाने उगवत असे.

"तिथं पिकेल काय?" पारबताबाईने विचारले.

"चिखल तर येणार नाही ना?" दिवाण म्हणाले.

महाराजांनी दोघांचे ऐकले. "पाच पावसाळे देतो," ते म्हणाले. "तेवढ्यात टेकडीवर सालाची झाडं उभी राहिली, तर वाडी राहील. नाहीतर वाडी उठेल."

काम अर्थातच राजबागेचे प्रमुख, म्हणजे बागदारोगा, धुंडिराजपंत यांच्याकडे गेले. पंत अत्यंत स्वच्छ गृहस्थ होते. बागेत फिरताना त्यांच्या हातात पांढरा रुमाल असे. ते गुलाबाची पाने रुमालाने पुसून पाहत आणि रुमाल मळला तर माळ्याला बोलत. बागेत धूळ असणे ही त्यांच्या मते माळ्याची चूक आणि माती असणे ही निसर्गाची.

सालाची रोपे आणायला पारबताबाई बैलगाड्या घेऊन माहेरी गेली. तिकडे एक चाल होती. रानातले रोप दुसऱ्या गावी जायला निघाले की त्याची ओटी भरत. ज्या झाडाखाली ते रुजले, त्याच्या बुंध्याजवळची मूठभर माती त्याच्या मुळाशी बांधून देत. त्या मातीत कुजकी पाने असत, लाकडाचा भुगा झालेला असे आणि त्यातून पांढऱ्या बारीक धाग्यांचे जाळे गेलेले असे. पारबताबाईच्या आईने एकेका रोपाची ओटी भरून दिली. "लेक नांदायला निघाली, की रिकाम्या ओटीनं पाठवू नये," ती म्हणाली.

गाड्या बागेत आल्या. धुंडिराजपंतांनी एका रोपाची ओटी सोडली, आत पाहिले आणि रुमाल नाकाला लावला.

"ही बुरशी आहे!"

"आहे ना," पारबताबाई म्हणाली. "पावसाळ्यात हिचीच वर अळंबी येतात. ही नसेल तर साल धरत नाही. आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे."

"बाई, बुरशी लोणच्याला लागली तर लोणचं जातं. जोड्याला लागली तर जोडा जातो. मग रोपाला लागली तर रोप राहील होय?"

"लोणचं मेलेलं असतं, पंत. रोप जिवंत आहे."

पंतांना हे उत्तर आवडले नाही, कारण त्यावर त्यांना प्रत्युत्तर सुचले नाही. अशा वेळी अधिकारी जे करतो ते त्यांनी केले. लेखी हुकूम काढला. रोपांची मुळे सात पाण्यांनी धुवावीत. कुंड्यांतली माती भट्टीत भाजून, चाळून घ्यावी. बुरशी दिसताक्षणी नष्ट करावी. राजाच्या चाकरीतल्या कोणी ती बाळगल्यास त्याला चाकरीतून काढून टाकावे.

रोपे धुतली गेली. पारबताबाईने ती स्वतःच्या हातांनी धुतली, कारण चाकरी तिची होती. पण बावीस रोपे अशी निघाली, की त्यांच्या मुळांच्या टोकांना पांढरी टोपडी चढली होती. ती घासूनही निघेनात.

"फेकून दे," पंत म्हणाले.

"फेकायचीच, तर माझ्या परसात फेकू का?"

"कुठंही फेक. राजबागेच्या भिंतीपासून लांब फेक म्हणजे झालं."

पारबताबाईने ती बावीस रोपे आणि सोडून टाकलेल्या ओट्यांची माती टोपलीत भरली. आपल्या पडक्या भिंतीमागे, टेकडीच्या उतारावर तिने रोपे नेऊन लावली आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्याची ओटी परत घातली. तिने फेकली ती अशी.

पहिला पावसाळा गेला. राजबागेची धुतलेली रोपे टेकडीच्या दर्शनी बाजूला ओळीने लावली होती. ती पिवळी पडली. पंतांनी अहवालात लिहिले, 'रोपांचा रंग सोनेरी.' दुसऱ्या वर्षी ती वाळली. पंतांनी लिहिले, 'रोपांची वाढ स्थिर.' नवी रोपे आली, ती आठ पाण्यांनी धुतली गेली.

इकडे परसातली बावीसच्या बावीस रोपे तरारली. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या पायांशी भूछत्रे उगवली. पारबताबाईची धाकटी जाऊ कौतिका वाडीभर सांगत सुटली, "आमच्या जाऊबाईंनी झाडं लावली, की छत्र्यांचं दुकान घातलं, कळत नाही."

पारबताबाई हसली आणि कामाला लागली. राजबागेतून पिवळी पडलेली जी रोपे फेकली जात, ती मागून आणी. परसातल्या सालाखालची मूठभर माती घेऊन त्यांची ओटी भरी. दोनतीन महिन्यांत पिवळे पान गळून हिरवे फुटे. तिने उकरून पाहिले, तेव्हा पांढरे धागे जुन्या झाडाच्या मुळांपासून नव्या झाडाच्या मुळांपर्यंत गेलेले होते. मुळे जिथे थांबत, तिथून हे धागे पुढे जात. दगडाच्या भेगेत शिरत, तिथली ओल आणि क्षार मुळांना आणून देत. झाड उन्हात जे काही गोड शिजवी, त्यातले थोडे खाली धाग्यांकडे जाई. गळलेली पाने आणि मोडक्या फांद्या दुसऱ्या जातीची बुरशी पोखरून त्यांची माती करी. मेलेले सगळे असेच पडून राहिले असते तर रान आपल्याच कचऱ्याखाली गुदमरले असते. सगळा कारभार जमिनीखाली, बिनबोभाट चालला होता. राज्यात तसा दुसरा कारभार नव्हता.

पाचवा पावसाळा सरत आला. पारबताबाईच्या उतारावर चारशे सालवृक्ष उभे होते. थोरल्या बावीस झाडांच्या सावलीत आता माणूस बसू शकत होता. दर्शनी बाजूला काटक्यांच्या सरळ ओळी होत्या. ओळी मात्र फारच सरळ होत्या.

महाराज पाहणीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी धुंडिराजपंत पारबताबाईच्या परसात आले. त्यांनी झाडांकडे पाहिले, पायांशी उगवलेल्या भूछत्रांकडे पाहिले आणि रुमाल बाहेर काढला, पण नाकाला लावला नाही. त्याने कपाळ पुसले.

"पारबताबाई, उद्या महाराजांना इकडंच आणू. सांगायचं, ही सात पाण्यांनी धुतलेली रोपं. तेवढी ही भूछत्रं आज खरवडून टाक."

"रोपं तुमचीच आहेत, पंत. तुम्ही फेकलेली."

"मग खोटं कुठं आहे? वाडी वाचेल. तू मुख्य माळीण होशील. माझी अब्रू राहील. आणि खरं सांगितलंस, तर माझ्या हुकुमाप्रमाणं चाकरीला मुकशील. बुरशी बाळगलीस, ती एकदोन नाही, चारशे झाडांखाली!"

पंत गेले. कौतिका कुडाआडून सगळे ऐकत होती. ती पुढे आली. "जाऊबाई, पंत म्हणतात तसं सांगून टाका की. एवढं खोटं तर आपण लग्न जमवतानाही बोलतो."

पारबताबाईने विळा घेतला आणि ती पहिल्या झाडापाशी बसली. वाडी वाचत होती, चाकरीत बढती मिळत होती, आणि त्यासाठी चार भूछत्रे तर खरवडायची होती. तिने विळा टेकवलासुद्धा. मग तिची नजर वर गेली. टेकडीचे चारातले तीन हिस्से अजून बोडके होते. उद्या हे रान धुतलेल्या रोपांच्या नावावर गेले, की त्या तीन हिश्शांवरचे प्रत्येक रोपटे सात पाण्यांनी धुतले जाणार आणि मरणार. चिखल आज ना उद्या वाडीत येणारच. शिवाय ज्या बुरशीने हे काम केले, तिला तोंड नव्हते. ती आपली बाजू मांडायला दरबारात येणार नव्हती.

तिने विळा कुडाला अडकवला.

"खुळ्या आहात," कौतिका म्हणाली, आणि जरा वेळाने तिच्या शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी महाराज आले. बरोबर दिवाण, छत्रचामरे आणि पाहायला आलेली सगळी वाडी. पंतांनी सुरुवात केली, "महाराज, स्वच्छतेचे हे फळ..."

"नाही महाराज," पारबताबाई म्हणाली. "हे घाणीचं फळ आहे."

तिने झाडाच्या मुळाशी हाताने माती उकरली आणि पांढरे जाळे उघडे केले. ओटीपासून भूछत्रांपर्यंत सगळे सांगितले. हुकूम मोडला हेही सांगितले. "चाकरी घ्यायची तर घ्या. पण पुढची रोपं धुऊ नका. झाडं मी लावली, पण जगवली हिनं."

महाराजांनी खाली वाकून पाहिले. "पंत, तुमची किती रोपं जगली?"

"पाहणी चालू आहे, महाराज."

"आणि हुकूम मोडला, त्याचं काय?" दिवाणांनी विचारले.

उत्तर महाराजांनी द्यायचे होते, पण पावसाने दिले. हस्ताचा पाऊस, हत्तीच्या सोंडेने ओतल्यासारखा. छत्र उलटे झाले. चामरे ओल्या मांजरासारखी दिसू लागली. सगळे पारबताबाईच्या सालाखाली उभे राहिले. पंतांच्या बाजूच्या उतारावरून पहिल्यांदा गढूळ ओघळ आले, मग काटक्या आल्या, आणि मग सरळ ओळींसकट अख्खा उतार खाली आला. तो वाडीच्या कडेच्या ओढ्यात गेला.

पायथवाडीने वर पाहिले. आता आपल्या डोक्यावरची बाजू.

ती हलली नाही. मुळांनी माती धरली होती आणि मुळांना जे पोचत नव्हते, ते धाग्यांनी धरले होते. पाणी पानांच्या कुजक्या थरात शिरले, मुरले आणि खाली आले तेव्हा वाडीच्या पाणंदीतून निवळशंख वाहू लागले. कौतिकाने ओंजळ भरली आणि आरडाओरडा केला, "पाणी आलं, चिखल नाही! जाऊबाई, चिखल नाही!" वाडीने असा जल्लोष केला, की हत्तींना त्यांच्या नावडत्या महालात तो ऐकू गेला.

भिजलेल्या महाराजांनी आपली पगडी पिळली. "दिवाणजी, जो हुकूम टेकडी घालवतो, तो मोडणाऱ्याला काय शिक्षा असते?"

"पाहावं लागेल, महाराज."

"पाहू नका. वाडी इथंच राहील. अख्खी टेकडी हिच्या रीतीनं लावायची. पारबताबाई मुख्य माळीण. आणि पंत, टोपली उचला."

त्या आठवड्यापासून सारी वाडी टोपल्या घेऊन टेकडीवर चढली. बायका रोपांच्या ओट्या भरीत, गडी खड्डे घेत. धुंडिराजपंतही टोपली वाहत. त्यांनी रुमालाची चुंबळ केली होती. दहा वर्षांत टेकडी शेंड्यापर्यंत हिरवी झाली. पायथवाडीत पुन्हा चिखल शिरला नाही. पुढे पुढे तर पंत श्रावणात पारबताबाईच्या दारी येत आणि खाण्याजोगी अळंबी ओळखून घेत. त्यांची भाजी ते घरी नेत नसत, तिथेच खात. घरी स्वच्छतेचे नियम कडक होते.

एक बाब शिल्लक राहते. टेकडी हिरवी झाली तेव्हा भरलेल्या रानाच्या उत्सवात महाराजांनी जाहीर केले होते, की बुरशीचे नाव राज्याच्या उपकारकर्त्यांच्या यादीत घालावे. त्याप्रमाणे पायथवाडीच्या चाळीसही घरांनी रीतसर अर्ज केला. तो बाग खात्याकडे गेला. बाग खात्याने शेरा मारला, की अर्जदारांनी नमूद केलेल्या जिवाला पाने नाहीत, हिरवा रंग नाही, तो उन्हावर अन्न शिजवत नाही. सबब तो वनस्पती नव्हे. अर्ज पशुशाळेकडे गेला. पशुशाळेने कळवले, की तो चालत नाही, ओरडत नाही, त्याला दावे बांधता येत नाही. सबब तो प्राणी नव्हे. दोन्ही शेरे शास्त्राप्रमाणे बरोबर आहेत. तिसरे खाते राज्यात नाही. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.

तात्पर्य : जे आपल्याला समजत नाही त्याला घाण म्हणून धुऊन काढू नये, आणि जो आपले श्रेय मागू शकत नाही, त्याचे श्रेय आपण चाकरी पणाला लावूनही त्यालाच द्यावे.