मेजापाशी

“…मग तुम्हीच अजून बऱ्या का झाला नाहीत, बाई?”

अबनेरच्या तोंडून निघून गेलं. मागं घेता येईना.

दीनाबाई रणनवरे चाकांच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होत्या. पोलिओनं पाय लहानपणीच गेले. पंगू माणसाच्या नजरेनं पवित्र शास्त्र कसं वाचावं, हे त्यांनी सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या शाळेत, आयुष्यभर शिकवलं. अबनेर त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. त्याच्या आवाजानं माणसं रडत, आणि हे त्याला ठाऊक होतं.

“पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, माझा पहिला उपदेश आहे,” तो म्हणाला. “मंडळीसमोर तुमच्यासाठी प्रार्थना करीन. तुम्ही उठाल.”

“आणि नाही उठले तर?”

“तर… विश्वास…”

“कुणाचा रे?”



बाईंनी संत्र्याची फोड त्याच्या हातावर ठेवली. “प्रभू मरण जिंकून आला. अंगावर ओरखडाही नसेल, नाही?”

“असं कसं, बाई? थोमा शिष्याला त्यानं हातांवरचे खिळ्यांचे व्रण…”



“बुजवता आले नसते त्याला?”

फोड अबनेरच्या हातातच राहिली.

“प्रार्थना जरूर कर,” बाई म्हणाल्या. “पण पायांसाठी नको. पायऱ्यांसाठी कर.”

चर्चमध्ये प्रभुभोजनाचं मेज पायऱ्यांवर, उंच होतं. मंडळी वर जाऊन प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची भाकर घेई. बाईंना मात्र ती खाली आणून देत. सगळ्यांनंतर, एकटीला.

सणाच्या सकाळी अबनेर थोडंच बोलला. मग झग्याच्या बाह्या सारून त्यानं मेजाला हात घातला. मेज हलेना.

कुजबुज सुरू झाली. मंडळीतले ज्येष्ठ शमुवेलराव काळोखे तावातावानं पुढं आले. “मेज खाली? आजवर असं झालं नाही!”

“पलीकडून धरता का, काका?”

शमुवेलराव थबकले. त्या पोराच्या आवाजात आज ऐट नव्हती… त्यांनी मेज धरलं.

मेज खुर्चीपाशी आलं. आंधळा एलीया काठी टेकत आला. गुडघ्यांपायी वर जाणं सोडलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना धरून आल्या. भाकर या हातातून त्या हातात गेली. अबनेरला पुढचं नीट दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

शमुवेलरावांनी घाम टिपला. “बाई, आता हे परत वर कधी न्यायचं?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. माणसं अजून येत होती.

“आधी सगळ्यांचं जेवण तर होऊ दे.”