झिपरूने पुरलेली माती

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल आणि शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्यावे. गोष्ट मात्र नीट सांगतो.

तापीकाठच्या एका गावात झिपरू नावाचा कुंभार होता. हाताने कसबी, पण जिवाला दम नाही. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला त्या गावात घरोघरी पितरांसाठी नवी घागर भरत. घागरी झिपरूच देई. त्या वर्षी त्याने चांगल्या मातीसाठी लांब जायचा कंटाळा केला आणि घरामागची काळी माती चाकावर घेतली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की फाटते. घागरी उन्हात ठेवल्या, तर संध्याकाळपर्यंत एकूण एक तडकल्या.

पाटील येऊन बघून गेले. म्हणाले, "झिपरू, पितर काय भेगांतून पाणी पितील? दोन महिने आहेत. नाही जमलं तर यापुढे घागरी पलीकडच्या गावाहून येतील."

झिपरूची झोप उडाली.

गावात उखाआबा विहीर खणत होते. तीस हात खाली त्यांना करडी, घट्ट माती लागली. त्यातला एक गोळा झिपरूने आणला आणि बोळकं केलं. वाळलं, भाजलं, पण भेग नाही! तो पळत विहिरीवर गेला.

"आबा, आणखी द्या!"

"विहिरीला पाणी लागलं गड्या. आता खाली उतरलास तर घागरीऐवजी तूच भरशील."

"पण ही माती आहे तरी कसली?"

"हीसुद्धा एके काळी काळीच होती, असं आमचे म्हातारे सांगत. वर थर साचत गेले, ही दबत गेली. अंगातलं पाणी सोडलं, आजूबाजूचा क्षार जरा जरा पोटात घेतला. आता हिची फुगायची हौस फिटली. अरे, पण ऐक..."

ऐकायला झिपरू होता कुठे? तो केव्हाच घरी पोचला होता.

त्याने कमरेइतका खड्डा खणला. त्यात काळी माती भरली. क्षार हवा म्हणून चुलीतली राख घातली. दाब हवा म्हणून विहिरीजवळच्या ढिगावरची ढेकळं आणून वर रचली आणि त्यावर म्हैस बांधली. मग रोज सकाळी म्हैस सोडायची, ढेकळं उपसायची, माती बघायची आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. म्हशीने चिडून दूध कमी केलं.

बायको धुरपदा म्हणाली, "अहो, लोणचंसुद्धा रोज उकरलं तर मुरत नाही."

सणाला पंधरा दिवस उरले, तरी माती काळीच. झिपरू रडकुंडीला आला. त्याने उखाआबांना घरी बोलावलं.

आबांनी माती चिमटीत घेतली. "झकास! सुरुवात झाली."

"मग किती दिवस लागतील?"

"लाखो वर्षं. म्हशीला विचार, तिला सवड आहे का."

धुरपदा पदर तोंडाशी धरून हसली. मग म्हणाली, "आबा, ही दाबाची ढेकळं मात्र गुणाची हो. महिन्यामागे दोन भिजवून चूल लिंपली. रोज जाळ होतो, तरी एक भेग नाही."

झिपरूने चुलीकडे पाहिलं. मग ढेकळांकडे.

आबा म्हणाले, "त्या दिवशी मी हेच सांगत होतो. विहिरीत जे सगळ्यात खाली, ते ढिगाऱ्यात सगळ्यात वर. तुझी करडी माती ढिगावरच पडली होती. तूच ती वाहून आणलीस, वाळून राखाडी झालेली, आणि दीड महिना रोज बाजूला सारलीस."

म्हैस मोठ्याने हंबरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीने खड्ड्यापाशी गेला. म्हैस सोडून लांब सावलीत बांधली. वरची ढेकळं टोपलीत भरली, फोडून भिजत घातली आणि चाक पुसून ठेवलं. खालच्या काळ्या मातीकडे त्याने वाकूनही पाहिलं नाही. तिला अजून बराच वेळ होता.

तात्पर्य: काळाचं काम काळालाच करू द्यावं; त्याने आधीच करून ठेवलेलं ओळखायचं, तर समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं.