येसबाचे सात मंडप

मोरवड संस्थानच्या राजकन्येचं लग्न सात दिवस चालणार होतं. दिवाण त्र्यंबकरावांनी येसबा सुताराला बोलावून हुकूम सोडला, "रोज नवा मंडप दिसला पाहिजे. नाही जमलं तर दरबारचं काम विसर."

हुकूम सोडायला काय जातंय! हातात होता एकच महिना. येसबानं बारा खांब केले, तीन तऱ्हेच्या कमानी केल्या आणि तीन तऱ्हेची छतं. खाचा मात्र सगळ्या एकाच मापाच्या ठेवल्या, त्यामुळे कुठलीही कमान आणि कुठलंही छत त्याच खांबांवर बसे. रोज पहाटे तो जोड बदलायचा आणि पाहुणे नवा मंडप बघून खूश व्हायचे.

सातव्या दिवशी दिवाणांनी एका खांबावरची गाठ ओळखली. ते भर मंडपात ओरडले, "सरकार, फसवणूक! हा खांब पहिल्या दिवसापासून इथंच आहे. खरंच सात मंडप केले असतील, तर यानं ते एकाच वेळी उभे करून दाखवावेत!"

महाराजांनी येसबाकडे पाहिलं.

"खांब तेच आहेत, सरकार," येसबा म्हणाला. "ही युक्ती मी दिवाणसाहेबांकडूनच शिकलो. दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांची सात पथकं गेली, प्रत्येकाची पागोटी निराळ्या रंगाची. पण सातही पथकांत पुढच्या रांगेत तोच गलमिश्यांचा शिपाई डाव्या पायानं लंगडत होता. साहेबांनी ती पथकं एकाच वेळी उभी करावीत, मग मी मंडप उभे करतो."

मंडपाची चौकशी तिथंच संपली. पथकांची त्याच दुपारी सुरू झाली.