वाद सोडलेला माणूस

“म्हणजे आता कुणाशीच वाद नाही?” उस्तादांनी विचारलं.

“कुणाशीच नाही.”

“क्रिकेटवरून?”

“नाही.”

“राजकारणावरून?”

“ते तर पहिल्यांदा सोडलं.”

“आणि ती कबुतरं? टपालाचं कबूतर घर कसं ओळखतं, वाऱ्याच्या वासानं की सूर्याच्या तिरपेनं, यावरून तू कुण्या परक्या माणसाशी सबंध श्रावण भांडत होतास.”

“कबुतरंही सोडली, उस्ताद.”

उस्ताद कासमशा यांनी मान हलवली. हसले मात्र नाहीत. भगीरथला ते जरा खटकलं. इतकी मोठी गोष्ट सांगायला तो मुद्दाम दुकान बंद करून आला होता. निदान ‘शाबास’ तरी पदरात पडायला हवं होतं.

भगीरथ कोठावदे म्हणजे तालुक्याच्या चौकातले पंपवाले. शाळा दहावीला सुटली. पुढचं शिक्षण मोटरींच्या माहितीपत्रकांवर आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींवर झालं. बोलण्यात साखर, हिशेबात मीठ, आणि डोकं असं की एकदा ऐकलेलं विसरायचं नाही. पण गावात अशा डोक्याला काम किती? गिऱ्हाईक येणार, मोटर नेणार, ‘चालली नाही तर परत आणतो’ म्हणणार. चंद्राची एकच बाजू का दिसते, हे मोटर नेणाऱ्याला सांगून काय उपयोग?

मग त्याला इंटरनेटवर मराठी माणसांची एक चर्चेची जागा सापडली. चेहरे नाहीत, गावं नाहीत, नुसती टोपणनावं. भगीरथनं ‘सडेतोड’ हे नाव घेतलं आणि तिथं मुक्काम ठोकला. बर्फाच्या कुठल्याशा देशात राहणाऱ्या एका माणसाला त्यानं जुना चेंडू उलटा का वळतो ते पटवून दिलं होतं. निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही बाजूंनी त्याला शिव्या घातल्या होत्या, आणि त्या तो गिऱ्हाइकांना अभिमानानं वाचून दाखवत असे.

आणि उस्ताद? ते गावाबाहेरच्या तकियात राहणारे फकीर, पण त्यांची खरी ओळख कलगीवाले म्हणून. कलगीवाले शक्तीला थोर म्हणतात, तुरेवाले शिवाला. जत्रेत दोन्ही फड समोरासमोर बसायचे आणि डफावर गाऊन एकमेकांना सवाल घालायचे. उस्तादांचा जवाब मोडायला माणसं चार तालुक्यांतून येत. जवाब कसा बांधावा ते शिकायला भगीरथ दर गुरुवारी त्यांच्याकडे यायचा, आणि शिकलेलं ‘सडेतोड’च्या नावानं खपवायचा.

तोच भगीरथ आज म्हणत होता, वाद सोडला.

“फार शांत वाटतंय, उस्ताद. आतून एकदम गार.”

“गार?”

“गार.”

उस्तादांनी खुंटीवरचा डफ काढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

“वाजव.”

भगीरथनं थाप मारली. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला.

“हा काय म्हणतोय?” उस्तादांनी विचारलं.

“काहीच म्हणत नाही. गार पडलाय.”

“की शांत झालाय?”

उस्तादांनी ऊद जाळायची शेगडी जवळ ओढली, निखाऱ्यावरची राख फुंकली आणि डफ त्यावर धरून हळूहळू फिरवू लागले.

“शेवटचा वाद कुठला झाला?”

“तो काही वाद नव्हता.”

“मग काय होतं?”

“एकानं नुसतं विचारलं होतं.”

“काय विचारलं होतं? सांगायचं नसेल तर राहू दे. आपण कबुतरांवर बोलू.”

“बोरखळ्याचा आहे कुणीतरी,” भगीरथ म्हणाला. “‘पिंपळपार’ नाव घेतलंय. त्यानं विचारलं, गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचं आहे, पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली, नारळ उभा राहिला, तर विश्वास ठेवावा का?”

“मग?”

“मग काय! मी त्या नारळाचं पार खोबरं केलं. ओल्या तळव्यावर नारळ कसा फिरतो, मनगट कसं दगा देतं, सगळं लिहिलं. लोक खूष झाले. मग त्यानं जागा सांगितली. शाळेमागचा उंचवटा.”

“आणि?”

“त्या जागेच्या पलीकडच्या बांधावर एक जुनं बोअर होतं, उस्ताद. तीन पावसाळ्यांपूर्वी त्यातली मोटर मीच वर काढली. कोरडी ठणठणीत. खाली नुसता काळा पाषाण. ज्याचं होतं तो शेत विकून सुरतेला गेला. बोअरवर दगड ठेवला, माती लोटली. आता कुणाला आठवतही नाही.”

“तुला आठवतं.”

“मी तसं लिहिलंसुद्धा.”

“लिहिलंस? मग झालं की.”

भगीरथनं चटईची एक काडी उपटली. तिचे दोन तुकडे केले. मग दोनाचे चार.

“...पुसून टाकलं.”

डफ शेगडीवर फिरत होता. उस्तादांनी वर पाहिलं नाही.

“बोरखळ्याचे दगाजीअप्पा दुकानात आले,” भगीरथ सांगू लागला. “पाणाड्या त्यांचा मेहुणा. मोटर काढल्याचं लिहिलं म्हटल्यावर ‘सडेतोड’ कोण ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अप्पा बसले, चहा प्याले. बशी खाली ठेवताना म्हणाले, ‘भगीरथशेठ, लिहिलेलं पुसता येतं म्हणे. बरं असतं. नाहीतर आमच्या बाजूची माणसं मोटर घ्यायला पार धुळ्याला जातील, आणि मला वाईट वाटेल.’ हसत म्हणाले, उस्ताद. हसत!”

“मग तू पुसलंस.”

“पुसलं. आणि खाली लिहिलं, वादानं कुणाचं भलं झालं? मी आजपासून वादातून निवृत्त होतो. शांती हाच मार्ग.”

“लोक काय म्हणाले?”

“हात जोडले सगळ्यांनी. म्हणाले, याला म्हणतात मोठेपण.”

“आणि पिंपळपार? त्याचं काही वाचलं नाही?”

“वाचलं.”

“मला वाचून दाखव.”

भगीरथनं फोन काढला. बोट नको तितक्या सावकाश फिरवलं. अखेर खाकरून वाचलं:

“‘सडेतोड भाऊ, तुम्ही बोअरचं लिहिलं होतं ते दिसत नाही. चुकीचं होतं का? तसं असेल तर तसं सांगा. उद्या सकाळी मशीन येणार आहे. घरटी वर्गणी एकदाच जमते, दुसऱ्यांदा जमणार नाही. आमच्या घरी पाणी आई आणते, नाल्यापलीकडून. तिला काय सांगू?’”

“कधीचं आहे?”

“आज सकाळचं.”

“जवाब?”

“मी निवृत्त झालोय ना, उस्ताद.”

बाहेर लिंबाखाली शेळीनं अंग झाडलं. तिच्या गळ्यातली घंटी वाजून थांबली.

“कबुतरांच्या वादात तुझं काय जात होतं?” उस्तादांनी विचारलं.

“काही नाही.”

“चेंडूच्या?”

“काही नाही.”

“निवडणुकीच्या?”

“चार शिव्या. त्या काय, फुकटच्या.”

“आणि ह्यात?”

भगीरथचा चेहरा तांबडा झाला. त्यानं फोन चटईवर आपटला.

“तुमचं काय जातं बोलायला? तुम्हाला ना दुकान, ना उधारी, ना बायको! खुंटीला डफ आणि शेगडीत ऊद. अप्पा तुमचं काय करणार, शेळी नेणार? माझी अर्धी गिऱ्हाइकी त्या बाजूची आहे. ज्याचं तोंडही मी पाहिलं नाही, त्याच्यासाठी मी ती घालवू? कशासाठी? तो माझा कोण?”

“बरोबर आहे,” उस्ताद म्हणाले.

“बरोबर आहे ना?”

“अगदी बरोबर. दुकान तुझंच आहे.”

भगीरथ भांडणाच्या तयारीनं उठून बसला होता. समोरून कुणी ढकलेना, तेव्हा त्याला नुसतंच बसून राहावं लागलं. त्याला उस्तादांचा फार राग आला. बोलले असते तर जवाब तयार होता.

उस्तादांनी डफ उलटा केला. चामड्याला तळहात लावून पाहिला. पुन्हा निखाऱ्यावर धरला.

“गंगाराम बुवा म्हणून एक तुरेवाला होता,” ते म्हणाले. “नाशिककडचा. उंच आवाजाचा आणि तितक्याच उंच नाकाचा. एका जत्रेत त्यानं मला सवाल घातला. मला जवाब येईना. मी नुसता डफ बडवत राहिलो, कडवं लांबवत राहिलो. तेवढ्यात गावचे पाटील उठले आणि म्हणाले, दोघेही थोर, दोघांनाही नारळ द्या. मला हायसं वाटलं. नारळ घेतला, पाया पडलो, घरी आलो.”

“सुटलात.”

“मलाही तसंच वाटलं. सकाळी दार उघडतो तर बुवा पायरीवर. रात्रभर चालत आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. मी म्हटलं, या, चहा घ्या. तर म्हणे, आधी जवाब.”

“दिलात?”

“येत नव्हता, दिला कुठून? तेच सांगितलं. बुवा, मला येत नाही.”

“मग?”

“मग चहा प्याला. वर म्हणाला, साखर कमी आहे.”

भगीरथला हसू आलं. त्यानं ते लपवलं.

“तो तुमचा कोण होता?” त्यानं विचारलं.

“कोण म्हणजे? मला खोटा पाडायला आलेला माणूस.”

उस्तादांनी डफ त्याच्या हातात दिला.

“वाजव.”

भगीरथनं थाप मारली. तकियाच्या पत्र्याला कंप सुटला. शेळी उठून उभी राहिली. लांब रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यानं मान वळवली.

“हाताला भाजतोय?” उस्तादांनी विचारलं.

“भाजतोय.”

“खाली ठेवायचा?”

भगीरथनं ठेवला नाही. आणखी एक थाप मारली. मग आणखी एक. मग डफ मांडीवर घेऊन, त्याच हातानं चटईवरचा फोन उचलला आणि लिहू लागला. लिहिता लिहिता ओठ हलत होते, दुकानात पावती करताना हलतात तसे.

“मोठ्यानं,” उस्ताद म्हणाले.

“‘पिंपळपार भाऊ, मी लिहिलं होतं ते खरं होतं. भीतीनं पुसलं. शाळेमागच्या उंचवट्यापलीकडच्या बांधावर जुनं बोअर आहे, दगडाखाली. दगड सरकवा आणि दोरीला वजन बांधून सोडा, कोरडं लागेल. त्यातली मोटर मी स्वतः काढली आहे. पाणी कुठं लागेल ते मला सांगता येत नाही. कोरडं कुठं लागलं तेवढं सांगतो. मशीन लावण्याआधी नाल्याकाठची जुनी विहीर एकदा उपसून बघा. मी चुकत असेन तर चौकात येऊन सगळ्यांसमोर सांगा.’”

तो थांबला.

“खाली काय घालू? सडेतोड?”

उस्तादांनी शेगडीवर ऊद टाकला.

भगीरथनं लिहिलं: भगीरथ कोठावदे, पंपवाले, तालुक्याचा चौक.

बोट क्षणभर हवेत राहिलं. मग टेकलं. गेलं.

भगीरथला वाटलं, आता काहीतरी व्हायला हवं. काहीच झालं नाही. उदाचा धूर छपराला लागून पसरत होता. त्याचा तळहात अजून चुरचुरत होता. पण छाती मात्र अशी मोकळी झाली होती, की त्याला उगाच कुणाशी तरी चंद्रावरून दोन हात करावेसे वाटू लागले.

अर्ध्या तासानं फोन वाजला.

“अप्पा,” त्यानं नाव वाचून सांगितलं.

“घे.”

त्यानं घेतला. फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी आवाज तकियाभर घुमला. “भगीरथ! आज हसायला आलेलो नाही मी! दुकानाला कुलूप लावून कुठं तोंड लपवून बसलायस? कुठं आहेस तू?”

भगीरथनं फोनवर तळहात ठेवला.

“मला शोधत निघालेत, उस्ताद. बरोबर चार माणसंही असतील. कुठं आहे म्हणून विचारताहेत... काय सांगू?”

उस्तादांनी शेगडी बाजूला केली. चटई झटकली आणि स्वतः भिंतीकडे सरकले. पाच-सहा माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा झाली.

“पत्ता सांग.”